८ नोव्हेंबर २०१८ : ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ पडद्यावर

दिवाळी पाडव्याला, ८ नोव्हेंबर २०१८ रोजी, अभिजित देशपांडे दिग्दर्शित ‘आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर’ प्रदर्शित झाला. मराठी रंगभूमीवरचे नट घाणेकर यांची भूमिका सुबोध भावे यांनी केली. त्याच दिवशी ‘ठग्ज ऑफ हिंदोस्तान’ आल्याने पुरेसे खेळ मिळवण्यासाठी झगडावे लागले. तरीही प्रेक्षकांनी हा मराठी चित्रपट उचलून धरला.

आधार होता घाणेकरांच्या पत्नी कांचन घाणेकर यांच्या ‘नाथ हा माझा’ या आत्मकथनाचा. त्यामुळे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ नाटकातला संभाजी आणि ‘अश्रूंची झाली फुले’ नाटकातला लाल्या या भूमिकांना मिळालेल्या टाळ्यांबरोबर दारू, अहंकार आणि उतरती कळाही पडद्यावर आली. आपले चरित्रपट बहुधा आरती ओवाळतात. इथे पडझड लपवली नाही, आणि माणूस तरीही प्रिय राहिला. हे धाडस आजही दुर्मीळ आहे.

यशाच्या झगमगाटामागची पडझड हा विषय कर्जत-खालापूरला परका नाही. २ ऑगस्ट २०२३ रोजी कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी इथल्याच एन. डी. स्टुडिओत जीवन संपवले. त्यांचे भव्य सेट साऱ्या देशाने पाहिले. कर्जाचे ओझे किती होते, हे बहुतेकांना नंतर कळले. म्हणूनच घाणेकरांवरचा हा चित्रपट इथे पुन्हा दाखवावा आणि त्यानंतर रंगकर्मींनी व्यसन, कर्ज, एकटेपणा यांवर मोकळेपणी बोलावे.