फोनचे आयुष्य कोण ठरवतो?

वस्तू कधी टाकायची, हा निर्णय वापरणाऱ्याचा, असे आपण मानतो. इतिहास निराळे सांगतो. १९२४ च्या डिसेंबरमध्ये फिलिप्स, ओसराम आदी कंपन्यांनी जिनिव्हात ‘फीबस’ संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणले. त्याहून टिकाऊ दिवे बनवणाऱ्या कारखान्यांना दंड होई.

स्मार्टफोनमध्ये हा प्रश्न बॅटरीपाशी येतो. लिथियम-आयन बॅटरी वापरागणिक झिजते. जुन्या बॅटरीमुळे फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण त्याचा वेग कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. तोवर कित्येकांनी फोनच म्हातारा झाला असे समजून नवा घेतला असेल. टीकेनंतर कंपनीने अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला. जानेवारी २०१९ मध्ये आयफोनची विक्री घटल्याची कारणे सांगताना टिम कुक यांनी या स्वस्त बॅटरीचाही उल्लेख केला. ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केला.

बॅटरी बदलता येते; सुरक्षा-अपडेट मात्र कंपनीच्याच हाती. ते थांबले, की धडधाकट फोनवरही बँकेचे व्यवहार जोखमीचे ठरतात. म्हणूनच जून २०२५ पासून युरोपीय संघाने मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक केले.

तेव्हा फोन मंदावला, तर आधी बॅटरी तपासावी. अपडेटच थांबले असतील, तर मात्र निरोप द्यावा.