बदललेल्या घोड्याचं पुढं काय झालं?

(मांजर्ली, बदलापूर पश्चिम इथल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या व्याख्यानात मी बदलापूरच्या नावाची गोष्ट सांगितली होती. तुमच्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणीच ऐकलेली आहे. शिवाजी महाराजांचं सैन्य कल्याण-सुरतेकडे जाता-येताना इथं थांबायचं, दमलेले घोडे सोडायचं आणि ताजे घोडे घ्यायचं. घोडे बदलायचं गाव, म्हणून बदलापूर. ही आख्यायिका आहे आणि ती आख्यायिका म्हणूनच सांगावी, असं माझं मत. पण ती अगदीच हवेतली नाही. कल्याण-भिवंडी १६५७ मध्ये स्वराज्यात आली, सुरतेची पहिली स्वारी जानेवारी १६६४ ची. कल्याणहून उल्हासच्या खोऱ्यानं घाटाकडे निघालेल्या घोडेस्वाराला पाणी, गवत आणि सपाटी मिळते ती याच पट्ट्यात.

तर व्याख्यान संपलं, चहा झाला, आणि एक तरुण मुलगा जवळ आला. वरातीसाठी घोडे देण्याचा त्यांचा घरचा धंदा. तो म्हणाला, "सर, नवा घोडा घेतला ते कळलं. सोडलेल्या घोड्याचं काय झालं?" मी म्हटलं, का रे, तुला का पडलंय? तेव्हा कळलं की त्याची अडीच वर्षांची घोडी मागच्या उजव्या पायानं लंगडत होती. घरचे म्हणत होते, विकून टाक. घोडीसाठी कर्ज काढलेलं. प्रश्न इतिहासाचा नव्हता, पण त्याचं उत्तर शोधताना मला बराच इतिहास वाचावा लागला. आज तेच सांगणार आहे.

सुरुवात ठाण्यापासूनच करू. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो या किनाऱ्याबद्दल लिहितो. ठाण्याच्या राजाबद्दल तो सांगतो की, समुद्रावरच्या चाच्यांशी त्याचा करार होता. लुटीतलं बाकी सगळं चाच्यांनी ठेवावं, घोडे मात्र राजाला द्यावेत. घोडा इतका महाग होता! अरबस्तानातून, इराणातून जहाजानं यायचा. दक्षिणेकडच्या कोरोमंडलबद्दल हाच प्रवासी लिहितो की, तिथं घोड्यांची निगा नीट होत नाही, म्हणून ते फार मरतात आणि दरवर्षी नवे आणावे लागतात. म्हणजे घोडा विकत घेणं एक, आणि तो पायावर उभा ठेवणं दुसरं.

हे दुसरं काम मराठ्यांनी किती गंभीरपणे घेतलं होतं ते सभासद बखरीत दिसतं. १६९७ ची बखर. पागेची रचना सांगताना सभासद पंचवीस बारगिरांमागे एक हवालदार सांगतो, आणि त्याच पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. आता बघा, आपण इतिहासात हवालदार, जुमलेदार, हजारी पाठ करतो. नालबंद कुणी पाठ करत नाही. पण पंचवीस घोडे म्हणजे शंभर खूर एका माणसाच्या हातात. घोडा लंगडला की पहिली हाक त्यालाच. आजही कुठलाही जाणता डॉक्टर मागचा पाय लंगडला तरी आधी खूर उचलून बघतो. खिळा जिवंत भागात गेलाय का, खुरात पू आहे का, हे पाहतो आणि मग वर सरकतो.

बारगीर आणि शिलेदार हा फरक इथं फार महत्त्वाचा आहे. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा स्वतःचा. बारगिराचा घोडा लंगडा झाला तर पागेतून दुसरा मिळू शकतो. शिलेदाराचा झाला तर त्याची कमाई, त्याचा मान, सगळंच लंगडं. घोडा गेला की शिलेदाराचा बारगीर व्हायला वेळ लागत नसे. आपल्या गोष्टीतलं 'घोडे बदलणं' हे सरकारी पागेला परवडणारं काम आहे. माझ्यासमोर चहाचा कप धरून उभा असलेला मुलगा हा शिलेदार होता.

१६७३-७४ च्या सुमाराचं महाराजांचं एक पत्र तुम्हाला माहीत असेल, चिपळूणच्या तळावरच्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, म्हणून ते प्रसिद्ध आहे. पण ते पत्र मुळात घोड्यांच्या चंदीचं आहे! पावसाळा तोंडावर आलाय, दाणा आणि गवत आत्ताच बेसुमार उधळलंत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे उपासमारीनं मरायला लागतील, आणि मग ते तुम्हीच मारले असं होईल, असा त्याचा आशय. तुम्ही मारलंत! रोगानं मेले, पावसानं मेले, ही सबब आधीच बंद केली आहे.

आता या चंदीचा आणि सांध्याचा संबंध सांगतो, कारण घोडं इथंच पेंड खातंय.

मागच्या पायात आपण ज्याला गुडघा समजतो, मागे वळलेला कोन, तो घोड्याचा गुडघा नव्हेच. तो घोटा. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला, त्याची वाटीसुद्धा तिथंच. मागचं लंगडणं खुरात नसेल तर बहुतेक वेळा या दोनांपैकी एका सांध्यात असतं. तरुण घोड्यात तर फारच. शिंगराची हाडं आधी कूर्चा असतात, मग हळूहळू हाड बनतं. वाढ फार झपाट्यानं झाली, दाणा भरमसाट आणि खनिजांचा मेळ नाही, तर सांध्याच्या टोकाची कूर्चा नीट हाडात बदलत नाही. तिचा तुकडा सुटतो किंवा सैल राहतो. सांध्यात पाणी भरतं. घोट्याच्या पुढच्या-आतल्या बाजूला मऊ फुगवटा येतो. आपल्याकडे नुसता कोंडा आणि हरभरा घालून घोडा 'भरवायची' हौस असते. कोंड्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. घोडा गुटगुटीत दिसतो, विकायला छान; सांधा आतून कच्चा. सारंगखेड्याच्या बाजारात तकतकीत शिंगरू बघून पैसे मोजणाऱ्यांनी त्याला आधी कडक जमिनीवर दुडक्या चालीनं पळवून बघावं. मागून उभं राहायचं. ज्या बाजूचं ढुंगण जास्त वर उसळतं, दुखणं बहुधा त्या बाजूला.

जुन्या लोकांना हे फुगवटे ठाऊक होते. सआदत यार खान रंगीन या उर्दू कवीनं घोड्यांवर एक फरसनामा लिहिला, १९११ मध्ये फिलॉटनं तो इंग्रजीत आणला. हिंदुस्थानी अश्वपरीक्षेच्या त्या परंपरेत घोट्याच्या मऊ सुजेला मोतरा आणि हाडाच्या टणक गाठीला हड्डा म्हणत. फरक अचूक आहे. मऊ सूज तरुण घोड्यात पुष्कळदा दिसते आणि कधी कधी तिच्यात दुखणंही नसतं. टणक गाठ म्हणजे सांधा झिजलेला. उपाय मात्र डाग. तापल्या लोखंडानं कातडीवर रेघा ओढायच्या. युरोपातही हेच चालायचं, तेव्हा आपल्याच सालोत्र्यांना नावं ठेवायचं कारण नाही. डाग दिल्यावर घोडा महिनोन्महिने बांधून ठेवत, आणि बरा झाला तर तो त्या विश्रांतीनं. श्रेय लोखंडाला मिळायचं.

अर्थात, विश्रांती सगळ्याच दुखण्यांवर चालत नाही. तरुण, अशक्त, नुसत्या बांधून ठेवलेल्या घोड्याची गुडघ्याची वाटी वर अडकते. पाय मागे ताठ राहतो, मग झटक्यानं सुटतो. त्याला आगाडी-पिछाडी लावून उभं करणं म्हणजे दुखणं वाढवणं. त्याला रोज चालवायचं, चढावर चालवायचं, मांडीचा स्नायू भरू द्यायचा. बऱ्याच तरुण घोड्यांची वाटी एवढ्यानंच सुटते. म्हणजे एकाच पायाच्या दोन सांध्यांना दोन उलटे उपाय. निदान न करता 'माझ्या काकांच्या घोड्याला हे लागू पडलं' असं म्हणणाऱ्यांपासून सावध राहा.

हे निदान शिकवणारी शाळा महाराष्ट्रातच सुरू झाली. १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. परळचं मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ चं. गंमत अशी की तोवर रेल्वे आलेली होती. कल्याणहून पळसदरी-खोपोलीकडची गाडी १८५६ ला सुरू झाली, बोरघाट १८६३ ला चढली. घोड्याचं शास्त्र पक्कं व्हायला लागलं आणि बदलापुरात घोडे बदलण्याची गरज मात्र संपली. पुण्यात पेशव्यांच्या हुजूरपागेच्या जागेवर १८८४ मध्ये मुलींची शाळा निघाली. घोडे गेले, नाव राहिलं. त्याबद्दल मला तरी वाईट वाटत नाही.

आता त्या मुलाचं सांगतो, नाहीतर तुम्ही मला जाऊ देणार नाही. कुणीतरी त्याला आधी दुखणं मारणारं इंजेक्शन दिलं होतं. घोडी चालली, म्हणून लगोलग दोन वराती केल्या. दुखणं म्हणजे सांध्याची तक्रार. तोंड बंद केलं म्हणून तक्रार मिटत नाही. मी त्याला एवढंच सांगितलं की विकायचं नंतर ठरव, आधी एक्स-रे काढ. आणि हेही विचारलं की अंगात ताप आहे का, सांधा गरम आहे का. ताप आणि गरम सांधा असेल, विशेषतः लहान शिंगरात, तर सांध्यात जंतू गेलेले असू शकतात. तिथं उद्यावर ढकलायचं नसतं. तसं काही नव्हतं.

एक्स-रेत घोट्यात छोटा सुटा तुकडा दिसला. दुर्बिणीनं तो काढता येतो, डॉक्टरांनी खर्चही सांगितला. तो त्याला झेपणारा नव्हता. मग दुसरा मार्ग: वराती बंद, दाणा कमी, गवत जास्त, खनिजांचं मिश्रण, आणि रोज सपाट वाटेवर हातात दोर धरून चालणं. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो. त्याच्या वडिलांनी हिशोब मांडला की सहा महिने घोडी कमावणार नाही आणि खाणार मात्र आहे. हिशोब बरोबरच होता. मुलानं संध्याकाळी एका दुकानात काम धरलं.

परवा तो नदीकडून घोडीला चालवत येताना दिसला. मी मागून पाहिलं. उजवी बाजू अजून किंचित उसळते. पाचवा महिना चालू आहे.

आता प्रश्न घेऊ.