तीन तबकड्यांचे यंत्र : एका गुणदोषविवेचनाचा इतिहास

यंत्राचे गुणदोष कोणत्या कसोटीवर ठरवावेत, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके असावे, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता यावे, स्त्रीला फारशा श्रमाविना त्यावर आठ तास काम करता यावे, किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते वीस वर्षे टिकावे आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त होऊ नये. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. परंतु यंत्राचे मूल्यमापन करताना उत्पादनाच्या आकड्याबरोबरच वापरणाऱ्याचे शरीर, खिसा आणि गाव यांचाही विचार करावा, ही दृष्टी त्या अटींनी रूढ केली. १९३४ साली ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले, आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या नेतृत्वाखाली हीच दृष्टी तेलघाणी, कागद, भात सडणे अशा कामांना लावली गेली. ‘वर्धा घाणी’ हे नाव त्या प्रयोगांतूनच देशभर गेले.

अशा भूमीत उभे राहून आम्ही एका अगदी वेगळ्या, आणि एव्हाना जवळजवळ विस्मृतीत गेलेल्या यंत्राचा विचार करणार आहोत : एकाच वेळी तीन किंवा पाच तबकड्या पोटात घेणारा डीव्हीडी प्लेयर. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की कलाकृती आपल्यापर्यंत ज्या वाहनातून येते, ते वाहन तिच्या आकृतिबंधात हस्तक्षेप करीत असते. आणि हे यंत्र नेमके अशाच एका हस्तक्षेपावरचा उपाय म्हणून घरोघरी आले.

हा हस्तक्षेप जुना आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. रंगभूमीवर रसिकांच्या ‘वन्स मोअर’नुसार हवे तितके खुलणारे नाट्यपद तबकडीसाठी तीन मिनिटांत आवरावे लागले, आणि ज्यांनी बालगंधर्वांना प्रत्यक्ष ऐकले नाही त्या पिढ्यांना तो आटोपशीर घाटच मूळ घाट वाटू लागला. तंबूतल्या फिरत्या सिनेमात, एकच प्रोजेक्टर असला की, रीळ बदलताना अंधार होई. हजार फुटांचे रीळ साधारण अकरा मिनिटे चाले, दोन हजारांचे बावीस. हा अंधार दिग्दर्शकाने योजलेला नव्हता; तो प्रेक्षकाने गृहीत धरलेला होता.

१९९३ साली व्हिडिओ सीडीचे मानक ठरले आणि हाच प्रश्न नव्या रूपात दिवाणखान्यात आला. एका सीडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्र मावते. आपले चित्रपट अडीच-तीन तासांचे. म्हणजे दोन किंवा तीन सीडी आल्याच. सेवाग्रामच्या परिसरात ज्याचा उल्लेख अपरिहार्य ठरतो तो रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२) १९१ मिनिटांचा आहे. या हिशेबाने तीन सीडींचा. मराठी नाटकांचेही तेच. नाटककाराने अंक पाडलेले असतात, पडदा कोठे पडावा हे त्याने अर्थाच्या अंगाने ठरवलेले असते. सीडी मात्र ७४ मिनिटे भरली की तुटते. वाक्य अर्धे राहो, तान अर्धी राहो.

तीन तबकड्यांच्या चेंजरचा पहिला आणि खरा गुण येथे दिसतो. तिन्ही सीडी एकदम लावून ठेवल्या की पहिली संपताच यंत्र आपण होऊन दुसरी घेई. गावात लग्नाच्या किंवा गणपतीच्या निमित्ताने भाड्याने संच आणून रात्रभर ‘पिक्चर’ लावण्याची जी प्रथा होती, तिच्यात ही सोय मोठी होती. दुसरा गुण असा की फिरत्या चकतीच्या अनेक नमुन्यांत एक तबकडी चालू असताना बाकीच्या काढता-घालता येत. तिसरा गुण आम्हांस अधिक मोलाचा वाटतो : संच एकत्र राही. भाग दोन एका घरी आणि भाग तीन दुसऱ्या घरी, अशी वाताहत काहीशी टळे.

आता दोष. पहिला दोष रचनेतलाच आहे. तबकड्या तीन असोत वा पाच, वाचणारे लेसरचे भिंग एकच, फिरवणारी मोटरही एकच. म्हणजे यंत्राची क्षमता वाढलेली नसते, फक्त रांग वाढलेली असते. तबकडी बदलताना काही सेकंद पडदा काळा होई. तुटण्याचा कालावधी कमी झाला, पण तूट गेली नाही. आणि ती चुकीच्या जागीच राहिली. दुसरा दोष असा की हलणारे भाग वाढले. तबकड्यांची चकती पुढेमागे नेण्यासाठी दातेरी चाके आणि रबरी पट्टा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तिथे रबर सैल पडणार. धूळ भिंगावर बसणार. तिसरा दोष विजेचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने दीर्घ भारनियमन सोसले. वीज गेली की तबकड्या आतच अडकत, आणि एक नव्हे, तिन्ही. साध्या प्लेयरमध्ये एका चित्रपटाचा एक भाग बंदिस्त होई. इथे संपूर्ण चित्रपट.

परंतु या यंत्राला खरा धक्का त्याच्या दोषांनी दिला नाही. तो त्याच्याच नावातल्या ‘डीव्हीडी’ने दिला. १९९६ साली जपानमध्ये अवतरलेल्या डीव्हीडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावत, आणि चित्राचे बिंदू व्हिडिओ सीडीच्या चौपट : ३५२ गुणिले २८८ ऐवजी ७२० गुणिले ५७६. सबंध चित्रपट एका तबकडीवर आला. मग तीन तबकड्यांची गरज कोणाला? चेंजरचे प्रयोजन सीडीच्या अपुरेपणात होते. तो अपुरेपणा संपताच ते उरले नाही. पुढे मोझर बेअर कंपनीने व्हिडिओ सीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा दोहोंतले अंतर अवघ्या सहा रुपयांचे राहिले. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीत निघाली.

आता १९२९ च्या अटी या यंत्राला लावून पाहू. चालवायला श्रम नाहीत, हे मान्य. किंमत मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, हेही मान्य. दुरुस्ती मात्र गावात होणे कठीण. भिंगाचा संच बदलायचा तर त्याच्या किमतीत नवे साधे यंत्र येई. पाच टक्क्यांची अट येथेच मोडते. वीस वर्षे टिकण्याची अट तर आणखी कठोर आहे, कारण यंत्र टिकले तरी त्याच्यासाठी तबकड्या निघणे थांबते. येथे अनेक चात्यांच्या अंबर चरख्याशी तुलना उद्बोधक ठरेल. १९४९ च्या सुमारास एकांबरनाथ यांनी तो सिद्ध केला. त्यात चाती वाढली की सूतही वाढते, कारण प्रत्येक चाती त्याच वेळी काम करते. चेंजरमध्ये तबकड्या वाढतात, पाहणे वाढत नाही. ‘अनेक’ या शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, आणि यंत्रपरीक्षणात ते वेगळे ठेवले पाहिजेत.

मग या यंत्राचा निकाल प्रतिकूलच द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. वर्ध्यात १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, आणि २०२३ साली नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली पुन्हा भरले. या चोपन्न वर्षांच्या मध्ये तबकडीचे युग आले आणि गेलेही. त्या युगात व्याख्याने, कविसंमेलने, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने, हौशी नाट्यप्रयोग असे कितीतरी सीडी-डीव्हीडीवर उतरले. व्यापारी चित्रपट आज अन्यत्र पाहता येतात. हे स्थानिक ध्वनिचित्रण कोणत्याही मंचावर नाही. ते मराठी विभागांच्या कपाटांत आहे, आणि लेखणीने लिहिलेल्या नावाखाली पत्र्याचा पातळ थर हळूहळू काळवंडतो आहे. पोथी वाचायला डोळे पुरतात; तबकडी वाचायला यंत्र लागते.

म्हणून यंत्राच्या मूल्यमापनात १९२९ च्या यादीला आम्ही एक अट जोडू इच्छितो : यंत्र कालबाह्य झाल्यावर त्याच्या हाती सोपवलेला मजकूर आपल्याला परत घेता यावा. चेंजर या कसोटीवर अनुत्तीर्ण नाही; ज्या विभागात अजून एखादा चालू प्लेयर आहे, मग तो तीन तबकड्यांचा असो वा एकीचा, तेथे कपाटातल्या तबकड्यांची प्रत संगणकावर घेण्याचे काम या सत्रातच हाती घेता येईल. कुमारप्पांनी १९४५ साली ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ या ग्रंथात टिकाऊपणाला अर्थव्यवहाराच्या केंद्रस्थानी ठेवले. साहित्यव्यवहारालाही ती कसोटी लागू आहे. तबकडी बदलताना पडद्यावर येणारा काळोख काही सेकंदांचा होता, म्हणून तो सोसला. शेवटची तबकडी वाचणारे शेवटचे यंत्र बंद पडल्यावर येणारा काळोख तसा नसेल.