मन्ना डे : कोणाचाच नसलेला आवाज

मन्नादांबद्दल बोलायचं म्हटलं की पहिला शब्द तोंडी येतो तो ‘अष्टपैलू’. मी पडलो तत्त्वज्ञानाचा माणूस, शब्द दिसला की त्याची साल काढायची जुनी खोड. क्रिकेटमध्ये अष्टपैलू खेळाडू बऱ्याचदा सहाव्या-सातव्या नंबरावर येतो, हे लक्षात ठेवा.

प्रबोधचंद्र डे यांचा जन्म 1 मे 1919 चा, कोलकात्याचा. काका कृष्णचंद्र डे हे मोठे गायक; अंध होते. त्यांच्याबरोबर मन्नादा 1942 मध्ये मुंबईत आले. पुढच्याच वर्षी ‘रामराज्य’ आला. त्यातल्या वाल्मीकींची गाणी खरं तर काकांना गायची होती, पण दुसऱ्या नटाला आवाज द्यायला ते तयार नव्हते. मग पुतण्याला बोलावलं. म्हणजे चोवीस वर्षांच्या पोरानं पांढऱ्या दाढीच्या ऋषीसाठी गायचं! तो शिक्का मग पुसता पुसेना. साधू, फकीर, म्हातारे आले की मन्ना डे.

पार्श्वगायनाचा व्यवहार असा असतो की प्रेक्षक चेहरा आणि आवाज यांची गाठ मारून टाकतो. राज कपूर म्हटलं की मुकेश. ‘चोरी चोरी’च्या (1956) वेळी निर्मात्यांनाही मुकेशच हवे होते, शंकर-जयकिशन मन्नादांसाठी अडून बसले, असं मन्नादांनी स्वतः सांगितलंय. गाणी अफाट गाजली, तरी गाठ काही बसली नाही. मन्नादांचा आवाज कुठल्याच एका नायकाचा झाला नाही. म्हणून तो बलराज साहनींचा काबुलीवाला झाला, ‘उपकार’मधला प्राण झाला, मेहमूद झाला. याला गुण म्हणायचं की नाइलाज? माझं मत विचाराल तर आधी नाइलाज. त्याचा गुण त्यांनी केला तो मेहनतीनं. उस्ताद अमान अली खाँ आणि अब्दुल रहमान खाँ यांच्याकडे ते नीट बसून शिकले. हे जन्मजात देणं नव्हे.

आता दोन सामने बघू. ‘बसंत बहार’ (1956) मध्ये समोर साक्षात भीमसेन जोशी, आणि कथेप्रमाणे जिंकायचं मन्नादांनी, कारण ते नायक भारतभूषणसाठी गात होते. ऐकून त्यांचे हातपाय गळाले. काही दिवस मुंबई सोडून जाऊ या, असं ते बायकोला म्हणाले. सुलोचनाबाई मूळच्या केरळच्या. त्यांनी समजूत घातली. मग रियाझ केला आणि गायले. पंडितजींनीही नंतर कौतुक केलं. ऐकताना भीमसेन हरले असं वाटत नाही, पण मन्नादा फिके पडले असंही वाटत नाही. हेच फार झालं!

बारा वर्षांनी ‘पडोसन’. इथे उलटं. मन्नादा मेहमूदच्या मास्तरासाठी गातात, सगळं गाणं त्यांच्या गळ्यात आहे आणि त्यांनी हरायचंय. समोर किशोरकुमार. गंमत पाहा, चित्रपटात सुनील दत्त नुसते ओठ हलवतो, मागे लपून गातो तो किशोर. म्हणजे पडद्यावरच पार्श्वगायन चाललंय! ज्याला येतं तो हरतो, ज्याला येत नाही तो उसन्या आवाजावर जिंकतो. पार्श्वगायनावरची इतकी बोचरी टीका मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही, आणि ती सहन केली मन्नादांनी, हसत हसत. शास्त्रीय गाण्याची ती थट्टा त्यांच्या मनाला लागली होती, असंही सांगतात.

पुढे ‘मेरा नाम जोकर’ (1970). त्यातल्या जवळजवळ गद्यासारख्या रचनेसाठी राज कपूरना मन्नादाच आठवले, आणि पार्श्वगायनाचं एकमेव फिल्मफेअर त्यांना मिळालं ते त्याच गाण्याला. फाळके पुरस्कार 2007 चा. 24 ऑक्टोबर 2013 ला बंगळूरला ते गेले.

आपल्याकडे ‘वरदक्षिणा’त (1962) त्यांनी माडगूळकरांचं पावसाचं गाणं गायलं, वसंत पवारांच्या चालीवर. बंगाली माणूस गातोय असं मला तरी कधी जाणवलं नाही. ‘चेम्मीन’मधलं त्यांचं मल्याळम गाणं केरळात असंच आपलं मानतात.

आता ‘पडोसन’मधला तो सामना लावतो. एक करा, सुनील दत्तकडे बघू नका. डोळे मिटा आणि फक्त मास्तराचा आवाज धरून ठेवा.