सुईत दोरा कोण ओवणार? हिमकणांच्या क्विल्टमागचा इतिहास

१/ गोधडी शिवायला बसलेली आजी नातवंडाला हाक मारते, ती सुईत दोरा ओवून घेण्यासाठी. तिला सुईचे नेढे दिसत नाही. लहान डोळ्यांना ते सहज दिसते. मराठी घरांना परिचित असलेल्या या एवढ्याशा कामात यंत्र-भरतकामाच्या इतिहासातील एक काळोखे प्रकरण दडलेले आहे. #थ्रेड

२/ अमेरिका व युरोपातील हौशी मंडळी हिवाळ्यासाठी खास क्विल्ट शिवतात. निळे-पांढरे चौकोन, सूचिपर्णी झाडे आणि हमखास सहा टोकांचे हिमकण, असा त्यांचा थाट. क्विल्ट म्हणजे तीन थरांची दुलई: वर नक्षीचे कापड, मध्ये कापसाचा वा लोकरीचा थर, खाली अस्तर. आपली गोधडी याच कुळातली.

३/ आज संगणकीय यंत्र असा हिमकण काही मिनिटांत भरते. तिन्ही थर रिंगमध्ये ताणून बसवले की नक्षी आणि थर जोडणारी टीप एकाच वेळी उमटते. पुढे असे चौकोन एकमेकांना जोडायचे. या क्विल्टवरील हिमकणाच्या आकृतीला एक इतिहास आहे आणि टाक्याला दुसरा. दोन्ही इतिहासांत बर्फाळ प्रदेशातील शेतकऱ्यांची घरे आहेत.

४/ प्रथम आकृती. हिमकणाला सहाच कोन का, हा प्रश्न खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर याने १६११ मध्ये एका छोट्या ग्रंथात मांडला. मात्र प्रत्यक्ष हिमकण क्षणात वितळतो. त्याचे नेमके चित्र मिळायला अडीचशेहून अधिक वर्षे जावी लागली, आणि ते मिळवले एका तरुण शेतकऱ्याने.

५/ अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावचा विल्सन बेंटली अवघा १९ वर्षांचा होता. सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १५ जानेवारी १८८५ रोजी त्याने हिमकणाचे छायाचित्र टिपले. आयुष्यभरात त्याने अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. त्यांपैकी २,४०० हून अधिक १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचे निधन झाले.

६/ आता टाका. बेंटली हिमकण टिपत होता, त्याच वर्षांत पूर्व स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन व आपेनझेल परिसरातील शेतघरांत भरतकामाची अवजड यंत्रे चालत होती. या यंत्राचा जनक जोसुए हाइलमान. त्याने १८२८ च्या सुमारास म्युलूझ या फ्रान्समधील कापड-उद्योगाच्या शहरात ते घडवले. पुढे सेंट गॅलनच्या कारागिरांनी त्यात सुधारणा केल्या आणि १८५० नंतर त्याचा प्रसार झाला.

७/ यंत्राची युक्ती विलक्षण होती. हाताने भरताना कापड स्थिर असते आणि सुई फिरते. येथे सुया केवळ सरळ रेषेत ये-जा करीत आणि उभ्या चौकटीवर ताणलेले कापड हले. भरतकार सहापट मोठ्या आराखड्यावर डाव्या हाताने दांडा फिरवी; त्यानुसार संपूर्ण चौकट सहापट लहान अंतराने सरके. एका नक्षीच्या शेकडो प्रती एकाच वेळी उमटत.

८/ सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार, नेढे मध्यभागी. कापडाच्या दोन्ही बाजूंचे चिमटे त्या आळीपाळीने पकडीत. अडचण एकच होती. प्रत्येक सुईत जेमतेम हातभर-दोन हात दोरा मावे. तो संपला की यंत्र थांबवून साऱ्या सुयांत पुन्हा दोरा ओवावा लागे. एका यंत्रावर अशा सुया तीनशेहून अधिक असत.

९/ हे काम कोणी करायचे? भरतकार बहुधा घरचा कर्ता पुरुष असे. दोरा ओवण्याचे काम स्त्रियांकडे आणि मुलांकडे आले. त्याला शक्ती लागत नाही. तीक्ष्ण नजर आणि बारीक बोटे लागतात. मजुरी टाक्यांच्या संख्येवर ठरत असल्यामुळे यंत्र जितका वेळ बंद, तितके घराचे नुकसान.

१०/ १८७७ मध्ये स्वित्झर्लंडने कारखाना कायदा स्वीकारला. १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात मनाई झाली आणि कामाचा दिवस ११ तासांचा ठरला. त्या काळाच्या मानाने कायदा पुरोगामी होता. मात्र त्याचा अंमल कारखान्याच्या दारापाशी संपत होता. घरात चालणारे काम त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

११/ परिणामी अधिकाधिक यंत्रे शेतकऱ्यांच्या घरांत गेली. कर्ज काढून यंत्र घ्यायचे आणि घराला लागून असलेल्या खोलीत ते बसवायचे, अशी रीत पडली. मुले शाळेपूर्वी व शाळेनंतर, रात्री दिव्याच्या उजेडात दोरा ओवीत. कायद्याने कारखान्यात थांबवलेली बालमजुरी घरात चालू राहिली, आणि घरात तिला मजुरी असे कोणी म्हणत नव्हते.

१२/ यावरचा तांत्रिक उपाय आधीच सापडला होता. १८६३ मध्ये इझाक ग्र्योब्ली याने शिवणयंत्रापासून प्रेरणा घेऊन नवे यंत्र कल्पिले. सुईला रिळावरून अखंड दोरा आणि कापडामागून नावेच्या आकाराचा छोटा धोटा. स्विस जर्मन बोलीत ‘शिफली’ म्हणजे छोटी नाव. यंत्राला तेच नाव मिळाले. वारंवार दोरा ओवण्याची गरज संपली. तरीही जुनी यंत्रे अनेक दशके चालत राहिली, कारण त्यांचे कर्ज फिटायचे होते.

१३/ हा शब्द मराठी वाचकाला अनोळखी नसावा. कापडाच्या दुकानात ‘शिफली वर्क’ म्हणून दाखवले जाणारे कापड याच यंत्राचे. परकर, ब्लाउज आणि झबल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले छिद्रांच्या नक्षीचे ‘हकोबा’ कापडही त्याच घराण्यातले. आल्प्सच्या पायथ्याशी घडलेले तंत्र असे मराठी माणसाच्या कपाटात येऊन बसले.

१४/ १८९८ मध्ये ग्र्योब्लीच्या मुलाने, योझेफ आर्नोल्ड याने, छिद्रांच्या पट्टीवर चालणारे स्वयंचलित यंत्र सिद्ध केले. आराखड्यावर दांडा फिरवणाऱ्या भरतकाराचे कौशल्य आता कागदी पट्टीतील छिद्रांत उतरले. दोरा ओवणाऱ्या मुलांनंतर प्रत्यक्ष भरतकाराचीच गरज उरेनाशी झाली.

१५/ १९१० च्या सुमारास जगातील यंत्र-भरतकामापैकी निम्म्याहून अधिक माल सेंट गॅलन परिसरातून येई. भरतकाम ही स्वित्झर्लंडची सर्वांत मोठी निर्यात होती. मग पहिले महायुद्ध झाले, फॅशन साधी झाली आणि धंदा कोसळला. १९२० च्या दशकापासून सरकारी साहाय्याने हजारो यंत्रे मोडीत काढण्यात आली. ज्या यंत्रांपायी बालपणे खर्ची पडली, ती भंगारात गेली.

१६/ छिद्रांच्या पट्टीची जागा पुढे संगणकाने घेतली. १९९० मध्ये जपानच्या जानोमे कंपनीने घरगुती संगणकीय भरतकाम यंत्र बाजारात आणले. तत्त्व मात्र हाइलमानचेच: सुई जागच्या जागी वर-खाली होते आणि रिंगमधले कापड फिरते. व्यावसायिक भरतकामाचा दरही अद्याप टाक्यांच्या संख्येवर ठरतो.

१७/ टाक्यांचा क्रम, दिशा आणि घनता आधी कोणीतरी संगणकावर ठरवलेली असते. क्विल्टसाठी तर विशेष विचार लागतो. टाके दाट पडले की तिन्ही थर पुठ्ठ्यासारखे ताठ होतात आणि ऊब देणारी हवा दबते. म्हणून क्विल्टवरचा चांगला हिमकण विरळ, मोकळ्या रेषांचा असतो. श्रम संपलेले नाहीत. ते डोळ्यांआड गेले आहेत.

१८/ आजच्या बहुतेक घरगुती भरतकाम यंत्रांवर सुईजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की बारीक आकडा नेढ्यातून जाऊन दोरा ओढून घेतो. अर्ध्या सेकंदाचे काम. आपेनझेलच्या शेतघरांत हेच काम झोपेने जड झालेले डोळे ताणून मुले करीत होती. दोरा ओवून दिल्यावर आपल्याकडचे नातवंड खेळायला पळते. त्या मुलांपुढे तीनशे सुया असत.

(समाप्त)