बालकांतील श्रवणदोष व विकासविलंब : आर्णी तालुक्याच्या संदर्भात

एक ते तीन वर्षे वयाच्या बालकाचे ऐकणे, बोलणे, चालणे, समजणे अथवा माणसांत मिसळणे हे त्या वयास अपेक्षित असलेल्या क्रमाच्या मागे पडले असता त्यास विकासविलंब म्हणतात. हा विलंब ज्या अनेक कारणांनी संभवतो, त्यांपैकी श्रवणदोष हे कारण डोळ्यांना मुळीच दिसत नाही, आणि तरीही वेळेवर ओळखले गेल्यास त्याचे बहुतेक दुष्परिणाम टाळता येतात. म्हणूनच त्यास या नोंदीत अग्रस्थान दिले आहे. यवतमाळपासून सुमारे ४० किलोमीटरवर, नागपूर–तुळजापूर महामार्गावर व अरुणावती नदीच्या परिसरात वसलेले आर्णी हे बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे ठिकाण होय. भोवतालचा मुलूख कापूस-सोयाबीनचा असून त्यात मराठी बोलणाऱ्या गावांच्या बरोबरीने बंजारा तांडे व कोलामांचे पोड आहेत. अशा तालुक्यातील मातापित्यांच्या मनात मुलाच्या ऐकण्याविषयी किंवा वाढीविषयी शंका उत्पन्न झाली असता कोणत्या क्रमाने काय करावे, याचे विवेचन पुढे केले आहे.

जन्मतः बहिरे असलेले मूलही पहिले काही महिने इतर मुलांप्रमाणेच हुंकार देते, हसते आणि घशातून नाना स्वर काढते. यामुळे घरातील मंडळींना संशय येत नाही. ऐकणाऱ्या मुलाचे हे स्वर पुढे ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशा अक्षरांच्या माळांत परिणत होतात, आणि न ऐकणाऱ्या मुलाचे मात्र विरळ होत जातात. पाठीमागे थाळी वाजवून किंवा दार आपटून मुलाची परीक्षा घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. परंतु ती फसवी आहे, कारण जमिनीतून आलेला हादरा, वाऱ्याची झुळूक किंवा भिंतीवरील सावली यांनीही मूल वळून पाहते. शिवाय श्रवणदोष क्वचितच पूर्ण बहिरेपणाच्या स्वरूपाचा असतो. ट्रॅक्टरचा आवाज ऐकणाऱ्या, कुत्रे भुंकताच दचकणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ हे मंद व तीक्ष्ण ध्वनी ऐकू येतच नसतील, तर त्याला माणसाच्या बोलण्याचा नाद तेवढा पोहोचतो आणि शब्द पोहोचत नाहीत. अशा मुलास घरचे लोक हट्टी म्हणतात, हे फार वाईट होय.

सहा महिन्यांच्या सुमारास आवाजाच्या दिशेने मान न वळवणे, वर्षभरात नावाला प्रतिसाद न देणे, बोट दाखवून वस्तू न मागणे किंवा हात हलवून निरोप न घेणे, सोळा ते अठरा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द न उच्चारणे आणि दोन वर्षे पूर्ण होऊनही ‘आई पाणी’ असे दोन शब्द न जोडणे, ही तपासणीस पुरेशी कारणे आहेत. चालण्याच्या बाबतीत मुलामुलांत पुष्कळ अंतर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मापनात निरोगी मुले ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान आधारावाचून चालू लागल्याचे आढळले. यास्तव दहाव्या महिन्यात न चालणाऱ्या मुलाविषयी चिंता नको, पण अठरा महिने उलटल्यावर थांबणे योग्य नव्हे. एकदा आलेले शब्द किंवा एकदा जमलेली हालचाल नाहीशी होऊ लागली, तर वय कितीही असो, डॉक्टरांकडे तत्काळ जावे.

प्रत्यक्षात मात्र काळ जातो तो शंका आणि पहिली तपासणी यांच्या मधल्या अवकाशात. ‘याचा बापही उशिरा बोलला होता’, ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘जिभेखालचा दोरा आखूड आहे’ ही वाक्ये वडीलधारी माणसे प्रेमानेच उच्चारतात, जिभेला वेखंड चाटवतात, नवसही बोलतात. जिभेखालचा दोरा आखूड असल्यास काही उच्चारांत अडचण येऊ शकते. परंतु त्यामुळे मुलाचे समजणे थांबत नाही, आणि जे मूल सांगितलेले समजत नाही त्याच्या अडचणीचे मूळ जिभेत शोधणे व्यर्थ आहे. कानात तेल सोडणेही हितावह नाही. दिवसरात्र मुलाजवळ असणाऱ्या आईची शंका हाच पहिला व बहुधा सर्वांत विश्वसनीय पुरावा असतो. ती शंका व्यक्त झाल्यावर ‘तीन वर्षांचे होईपर्यंत वाट पाहा’ असा सल्ला कोणीही, मग तो डॉक्टर का असेना, देऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. या मतास आधार आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांचा श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला त्या मुलांची भाषा, उशिरा ओळखल्या गेलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे असल्याचे दिसून आले. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान व सहाव्यापर्यंत उपाय हा आज जगभर मान्य असलेला नियम अशाच अनुभवांतून दृढ झाला. दोन वर्षांच्या मुलासाठी ती मुदत टळलेली असते. तथापि उरलेला प्रत्येक महिना मोलाचा असतो.

पहिले पाऊल गावातच पडते. आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडी सेविका यांस शंका सांगावी, माता व बाल संरक्षण कार्डावर छापलेले वाढीचे टप्पे त्यांच्यासह पडताळून पाहावेत आणि शंकेची तारीखवार नोंद करवून घ्यावी. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात व्यंगे, पोषणातील उणिवा, आजार आणि विकासविलंब या चार सदरांखाली तपासणी होते. जन्मजात बहिरेपणा व भाषाविलंब यांचा त्यांत अंतर्भाव आहे. या कार्यक्रमाचे फिरते वैद्यकीय पथक अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा पाहते. परंतु शंका आज आली आणि पथकाची फेरी चार महिन्यांनी असली, तर तितके दिवस थांबण्याची मुळीच गरज नाही: प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मुलास नेऊन यवतमाळकरिता संदर्भचिठ्ठी घ्यावी. यवतमाळ येथे १९८९ साली स्थापन झालेले वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून तेथील बालरोग आणि कान-नाक-घसा या विभागांकडे ही चिठ्ठी रुजू करता येते. तेथे एखाद्या तपासणीची सोय त्या दिवशी न झाल्यास पुढची तारीख कागदावर लिहून घ्यावी, अन्यथा सेवाग्राम, सावंगी (मेघे) अथवा नागपूर येथील रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. एक दिवसाची मजुरी बुडवून व बसचे भाडे भरून आलेल्या मातापित्यांस नुसते ‘नंतर या’ असे सांगून परत पाठवणे म्हणजे त्यांस कायमचे परत पाठवणे होय, याचे भान या कामातील प्रत्येकाने ठेवले पाहिजे.

विलंब बोलण्याचा असो, वागण्याचा असो वा बुद्धीचा वाटो, श्रवणतपासणी सर्वांच्या आधी झाली पाहिजे. प्रथम कान पाहिला जातो, कारण मळ साचणे, कान वाहणे किंवा वारंवारच्या सर्दीनंतर पडद्यामागे द्रव साठणे यांनीही ऐकणे मंदावते. पडद्यामागील द्रव पुष्कळदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, न ओसरल्यास त्यावर उपचार आहेत. त्यानंतरची एक चाचणी १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी लावलेल्या शोधावर आधारलेली आहे: निरोगी अंतःकर्ण ध्वनी ऐकल्यावर स्वतःच एक अतिसूक्ष्म प्रतिध्वनी बाहेर टाकतो, आणि कानात बसवलेली लहानशी तपासनळी तो टिपते. ‘बेरा’ या नावाने परिचित असलेली दुसरी चाचणी मूल झोपले असता करतात. डोक्यावर लावलेल्या पट्ट्यांच्या साह्याने श्रवणनाडी व मेंदूचा खालचा भाग यांत उमटणारे विद्युत्‌तरंग तीत मोजले जातात. दोन्ही चाचण्या वेदनारहित आहेत. ज्या मुलास जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती किंवा जे नवजात अतिदक्षता कक्षात राहिले होते, त्याचा अंतःकर्ण ठीक असूनही नाडी सदोष असू शकते. म्हणून अशा मुलाच्या बाबतीत पहिल्या चाचणीवर समाधान न मानता ‘बेरा’ करवून घ्यावी. मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाची तपासणी तर विलंब न लावता व्हावी, कारण त्या आजारानंतर अंतःकर्णात हाड भरू लागते व पुढील शस्त्रक्रिया अवघड होते.

कारणांचा विचार मातापित्यांस दोष देण्यासाठी करू नये. नात्यातील विवाह, गरोदरपणीचा रुबेला ज्वर, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि काही विशिष्ट प्रतिजैविके ही त्यांतील प्रमुख होत. पुष्कळदा निश्चित कारण सापडतही नाही. रुबेला व जन्मजात व्यंग यांचा संबंध ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिला, आणि गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली.

निदान झाल्यावर श्रवणयंत्र, ज्याला लोक ‘कानाची मशीन’ म्हणतात, शक्य तितक्या लवकर बसवावे. अपंग व्यक्तींना साधने पुरवण्याच्या केंद्र सरकारच्या १९८१ पासूनच्या योजनेतून ते मिळू शकते. मुलाचा कान वाढतो तसा कानातला साचा सैल होतो व यंत्र शिट्टी मारू लागते. साचा बदलला नाही की आई यंत्र काढून ठेवते, आणि येथेच अनेक कुटुंबांचे प्रयत्न खंडित होतात. यंत्राने पुरेसा लाभ न होणाऱ्या तीव्र दोषाच्या मुलांसाठी अंतःकर्णरोपण हा पर्याय असून, मुंबईतील वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही केंद्रीय योजनेत त्यासाठीची मुख्य यंत्रणा आहे. जन्मजात दोषाच्या मुलास सामान्यतः पाच वर्षांच्या आत या योजनेचा लाभ घ्यावा लागतो.

परंतु यंत्र किंवा शस्त्रक्रिया ऐकण्याचे द्वार उघडते, भाषा देत नाही. भाषा येते ती घरी, दिवसभर, मुलाच्या तोंडासमोर बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन बोलण्याने: भाकरी थापताना भाकरीचे, शेळी आली तर शेळीचे, अंगावर पाणी ओतताना पाण्याचे नाव घेण्याने. हे बोलणे कोणत्या भाषेत असावे, याचे उत्तर आर्णीसारख्या तालुक्यात विशेष महत्त्वाचे आहे. तांड्यावरील मुलाची भाषा गोरमाटी आणि पोडावरील मुलाची कोलामी असते. दोन भाषा कानी पडल्याने मूल मागे पडते हा समज निराधार असून, आईने स्वतःची भाषा टाकून तुटक मराठीत बोलू लागणे मुलाचे नुकसान करते. तपासणाऱ्यानेही मुलाला घरच्या भाषेत किती शब्द येतात हे विचारूनच निष्कर्ष काढावा. अंगणवाडीत गप्प बसणारे मूल तांड्यावर भरभरून बोलत असेल, तर त्यास विलंब नाही. हाताच्या खुणांनी बोलल्यास मूल तोंडाने बोलणार नाही, ही भीतीही सोडावी. खूणभाषा ही पूर्ण भाषा आहे. दिल्लीत २०१५ साली तिच्या संशोधन व प्रशिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आहे.

ऐकणे ठीक असूनही विलंब असल्यास दृष्टी, थायरॉइड, रक्तक्षय व पोषण यांची तपासणी करतात. स्नायूंचा ताठरपणा असल्यास मेंदूजन्य पक्षाघाताचा आणि नजर न देणे, एकाच हालचालीत रमणे यांवरून स्वमग्नतेचा विचार होतो. दोषाचे नाव निश्चित होईपर्यंत व्यायाम व वाचोपचार थांबवू नयेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दोन्ही कानांतील ७० डेसिबलचा श्रवणऱ्हास असता बधिर व ६० ते ७० डेसिबल असता ऊनश्रवण अशी व्याख्या आहे. चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळतो. हा दाखला व ओळखपत्र यांचा अर्ज अवश्य करावा, पण उपचार मात्र त्या दाखल्याची वाट न पाहता सुरू करावेत. हंगामात ऊसतोडणीस किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाने तपासणीचे कागद, संदर्भचिठ्ठी व यंत्राच्या जादा बॅटऱ्या बरोबर न्याव्यात, जेथे मुक्काम पडेल तेथील अंगणवाडीत मुलाचे नाव नोंदवावे, आणि परत येताच गावच्या सेविकेस वर्दी देऊन चुकलेली तारीख पुन्हा घ्यावी.