आजीनं दाबलेला शब्द: विदर्भातल्या एका डागाचा इतिहास

ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बहुतेक तसंच ठेवलंय.

या वेळची गोष्ट माझ्या डाव्या दंडापासून सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मी पुण्याहून यवतमाळला घरी गेलो होतो. दंडावर रुपयाएवढा एक गोल डाग, कडेला लालसर, मधे फिका. खाज भयंकर. बनियनवर बसलो होतो, आजीनं तो पाहिला. ती माझ्या जवळ आली, डागाकडे बघितलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली माहितीये? "हे काय हाय रे बाबू? कोनाले दाखवू नको."

डॉक्टरला दाखव असं नाही. कोणालाच दाखवू नको.

मी हसलो. म्हटलं, आजी, गजकर्ण आहे, जिमच्या घामानं झालंय. तर ती एकदम गप्प झाली. रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला तिच्या माहेरच्या काकूची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ही गोष्ट याआधी कोणीच ऐकली नव्हती. माझ्या बाबांनीसुद्धा नाही.

आजीचं माहेर वणी तालुक्यातलं. ती आठ-दहा वर्षांची असताना, म्हणजे साधारण १९५०च्या दशकात, तिच्या थोरल्या काकूच्या पाठीवर आणि हातावर फिके डाग आले. त्यांना खाज नव्हती, ते दुखतही नव्हते. मग चुलीवरचं भांडं उतरवताना काकूची बोटं भाजायला लागली आणि तिला ते कळेना. वर्षभरात घरच्यांनी तिची सोय गोठ्यामागच्या खोपडीत केली. ताट लांबून सरकवायचं. पोरांनी तिकडे जायचं नाही. काकू त्या खोपडीतच गेली. रोगाचं नाव आजीनं मला सांगितलं तेव्हाही आवाज खाली घेऊनच सांगितलं: महारोग.

आता नकाशा उघडा. वणीवरून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. आणि वरोऱ्याला तेव्हा काय सुरू झालेलं होतं? आनंदवन. म्हणजे काकूच्या रोगावर उपचार करणारी जागा एका नदीपलीकडे होती. तरी ती तिथं पोचली नाही. हा भाग मी याच एका प्रश्नासाठी केला: मधे नेमकं काय आडवं आलं?

पहिली अडचण आहे शब्दाची. आपल्या जुन्या वैद्यकात 'कुष्ठ' हा एका रोगाचा शब्दच नव्हता. चरकसंहितेत कुष्ठाचे १८ प्रकार सांगितलेत, ७ महाकुष्ठ आणि ११ क्षुद्रकुष्ठ. त्यांची वर्णनं वाचली तर आज आपण ज्याला इसब, सोरायसिस, गजकर्ण, खरूज म्हणतो, त्यातलं बरंच काही त्या यादीत दिसतं. तेव्हा सूक्ष्मदर्शक नव्हता, डोळ्यांना दिसेल त्यावरून वर्गवारी करायची होती, आणि त्या मानानं ती कामगिरी भारीच होती. त्वचा बधिर होणं हे लक्षणसुद्धा त्या लोकांनी टिपलं होतं. पण लोकांच्या तोंडी यायला लागल्यावर बारकावे गळाले आणि भीती तेवढी उरली. पांढरा कोड म्हणजे फक्त रंग जाणं, तो कोणालाही लागत नाही. तरी त्याच्यावरही तीच नजर. डाग दिसला की लोक आधी घाबरणार, कसला आहे ते नंतर बघणार.

दुसरी अडचण कायद्याची. नॉर्वेतल्या बर्गन शहरात गेरहार्ड हान्सन या डॉक्टरनं १८७३ मध्ये या रोगाचा जंतू दाखवून दिला. म्हणजे हा शाप नाही, पूर्वजन्मीचं पाप नाही, आनुवंशिकही नाही, हा एक जंतू आहे. चांगलीच बातमी ना? पण जंतू म्हटल्यावर जगभर उलटीच घबराट पसरली. ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानात एक कमिशन नेमलं. त्यानं १८९०-९१ मध्ये देशभर फिरून निष्कर्ष काढला की हा रोग फार कमी प्रमाणात पसरतो. तरीही १८९८ साली कायदा आला. जखमा असलेल्या निराधार रुग्णाला पकडून आश्रमात डांबता येईल, रुग्णानं खाण्यापिण्याच्या वस्तू विकायच्या नाहीत, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही, अशा तरतुदी त्यात होत्या. गंमत बघा, डांबायचं ते फक्त निराधारांना. ज्याला घर आहे, पैसा आहे, तो मोकळा. जंतूला गरीब-श्रीमंत कळतं अशी कायद्याची समजूत असावी! हा कायदा पूर्णपणे रद्द कधी झाला? २०१६ साली. तुमच्या हातात स्मार्टफोन होता तेव्हा.

आता येऊया आपल्या भागात. या रोगाविरुद्धच्या कामाचा भारतातला मोठा इतिहास वर्धा, अमरावती, चंद्रपूर या आपल्या शेजारच्या जिल्ह्यांत घडलाय, आणि यवतमाळ बरोबर त्यांच्या मधे आहे.

१९३६ साली विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. तोवर हे काम बहुतांशी परदेशी मिशनऱ्यांच्या हातात होतं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित सेवाग्रामला आले. येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींबरोबर होते, आणि आता त्यांना कुष्ठरोग झाला होता. आश्रमातही कुजबुज झालीच. गांधीजींनी स्वतःच्या कुटीजवळ त्यांना जागा दिली आणि ते स्वतः त्यांना मालिश करायचे. तो फोटो तुम्ही पाहिला असेल. पुढे १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभं केलं.

आणि मग वरोरा. मुरलीधर देविदास आमटे, जन्म १९१४, हिंगणघाट. चांगली वकिली करणारा माणूस. वरोरा नगरपालिकेत असताना मैला वाहणाऱ्या कामगारांचं काम त्यांनी स्वतः करून पाहिलं. तेव्हा एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला त्यांना तुळशीराम नावाचा रुग्ण दिसला. शेवटच्या अवस्थेत. आणि आमटे घाबरून पळाले. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आधी ते पळाले. मग स्वतःची लाज वाटली, परत आले, त्याच्यावर आडोसा केला, त्याची सेवा केली. ही भीती घालवायची तर तिच्याबद्दल शिकावं लागेल हे त्यांच्या लक्षात आलं. १९४९ मध्ये ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले. तिथं त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात जंतू टोचून घेतले. रोग झाला नाही.

हे वेडं साहस वाटतं, पण त्यामागे एक खरी अडचण होती. हा जंतू प्रयोगशाळेत वाढतच नाही. आजही कृत्रिम माध्यमात तो वाढवता आलेला नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या प्राण्यात तो वाढवता आला, तेव्हा कुठं संशोधनाला वेग आला.

१९५१ मध्ये आनंदवन सुरू झालं तेव्हा बाबा आणि साधनाताईंकडे होते ६ रुग्ण, १४ रुपये, एक लंगडी गाय आणि खडकाळ जमीन. पहिलं काम विहीर खोदायचं. भाजी पिकली, तर वरोऱ्याच्या बाजारात सुरुवातीला घ्यायला कोणी नाही. पुढे परदेशातले स्वयंसेवक येऊन रुग्णांबरोबर राहिले, जेवले, त्यांनी दवाखाना बांधायला मदत केली, तेव्हा गावाची भीड चेपली. १९६४ मध्ये तर आनंदवनात महाविद्यालयच सुरू झालं, आणि बाहेरची पोरं तिथं शिकायला यायला लागली. ज्यांच्या हातची भाजी कोणी घेत नव्हतं, त्यांच्यात आता आईबाप आपली पोरं पाठवत होते.

आता विज्ञान जरा नीट समजून घेऊ. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. लोकांना वाटतं या रोगात बोटं झडतात. नाही झडत. हा जंतू त्वचेत आणि नसांत राहतो. नस खराब झाली की तिथली वेदना बंद. वेदना म्हणजे शरीराचा अलर्ट. सर्व्हर जळतोय आणि मॉनिटरिंग बंद पडलंय, असा विचार करा. चटका बसतो, कळत नाही. कापसाच्या शेतात अनवाणी फिरताना काटा मोडतो, कळत नाही. जखम चिघळते, पुन्हा पुन्हा इजा होते, आणि त्यातून हात-पाय विद्रूप होतात. वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी हे दाखवून दिलं, आणि स्नायूबंध एका जागेवरून दुसरीकडे जोडून वाकडी झालेली बोटं पुन्हा कामाला लावली. आजीच्या काकूची बोटं तिच्या चुलीनं खाल्ली होती, रोगानं नाही.

आणि लागण? बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला रोखायची ताकद मुळातच असते. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घकाळ, जवळचा सहवास असेल तरच धोका. हात मिळवून, एका ताटात जेवून हा रोग लागत नाही. जंतू इतका मंद वाढतो की लक्षणं दिसायला सरासरी ५ वर्षं लागतात, कधी २० सुद्धा. म्हणून लोकांना तो कुठून आला हे कळायचं नाही, आणि मग नशिबावर ढकलायचं.

१९४०च्या दशकात सल्फोन गटातली औषधं आली, त्यातलं डॅप्सोन स्वस्त होतं. पण एकच औषध वर्षानुवर्षं दिल्यानं जंतू त्याला पुरून उरायला लागले. म्हणून १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं दोन-तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली: रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन. हाच तो एमडीटी उपचार. देशात तो अगदी सुरुवातीला ज्या जिल्ह्यांत राबवला गेला, त्यात आपलं वर्धा होतं. त्याचं कारणही आहे. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठाननं तिथं घरोघरी तपासणी, लोकशिक्षण आणि उपचार ही पद्धत आधीच घालून दिली होती. रुग्ण येईल म्हणून वाट बघायची नाही, आपण दारात जायचं. १९५५ च्या राष्ट्रीय कार्यक्रमानं हीच पद्धत उचलली.

२००५ च्या शेवटी देशात दर १० हजार लोकांमागे रुग्णांचं प्रमाण एकपेक्षा खाली आलं, आणि 'निर्मूलन' झाल्याचं जाहीर झालं. निर्मूलन शब्द ऐकून आपण निवांत झालो. पण जगातले निम्म्याहून जास्त नवे रुग्ण अजून भारतातच सापडतात, वर्षाला लाखाच्या आसपास. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कायदेशीर कारण होतं, ते काढायला २०१९ उजाडावं लागलं.

आता माझ्या डागाकडे परत. आजीला हसणारा मी काय शहाणा होतो? पुण्यात मी महिनाभर डॉक्टरकडे गेलोच नव्हतो. एका मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब लावत होतो. चार दिवस खाज गेली, मग दुप्पट झाली. यवतमाळच्या एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमनी ट्यूब बघून कपाळावर हात मारला. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडनं लाली आणि खाज दबते, पण बुरशी मजेत वाढते, आणि वरून डागाचं रूप बदलतं, त्यामुळे निदानही अवघड होतं. गेल्या काही वर्षांत देशभर हट्टी गजकर्णाची साथच आलीये, आणि या ट्यूब हे त्याचं एक मोठं कारण आहे. २०१८ मध्ये सरकारनं अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतात. मी का गेलो नव्हतो डॉक्टरकडे? डाग जांघेतही होता. लाज वाटली. म्हणजे आजीनं सांगण्याआधीच मी 'कोनाले दाखवू नको' पाळत होतो.

जाण्यापूर्वी मॅडमनी कापसाचा बोळा माझ्या डागावर फिरवला, डोळे मिटायला लावून. "कळतंय का?" कळत होतं. एवढी साधी पहिली तपासणी.

तर लक्षात ठेवा. डागाला खाज असेल, कडा वाढत असतील, तर बहुतेकदा बुरशी. रात्री अंगभर खाज आणि घरात सगळ्यांनाच, तर खरूज असू शकते. पण फिका किंवा लालसर डाग, खाज नाही, दुखत नाही आणि तिथं स्पर्श कळत नाही, तर वाट बघू नका. हातापायाला मुंग्या, पकड ढिली होणं, हेही सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मोफत आहे. ६ महिने किंवा १२ महिने गोळ्या, घरी राहून, नोकरी करत. उपचार सुरू झाला की थोड्याच दिवसांत लागण करण्याची शक्यता जवळजवळ संपते. नसा खराब व्हायच्या आधी गेलात तर पुढचं अपंगत्व टळू शकतं. निदान घरी आपणच करू नका, ते डॉक्टरचं काम.

निघायच्या दिवशी मी आजीला मोबाइलवर आनंदवनचे फोटो दाखवले. तिनं बराच वेळ पाहिले. मग विचारलं, "हे वरोऱ्याचंच होय का?" मी हो म्हटलं. "तवाबी होतं?" तेव्हाही होतं, आजी. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं मला काकूचं नाव सांगितलं. इतकी वर्षं घरात ते कोणी घेतलं नव्हतं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते आमच्या घरातलं आहे. पण आता ते घरात घेतलं जातं.

पुढच्या भागात भेटू. आणि घरी कोणी डाग लपवत असेल, तर त्यांना हा भाग पाठवू नका. त्यांच्याजवळ बसा, आणि सोबत दवाखान्यात जा.